सल्ला कोणाचा, जंगल कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वनपुनर्स्थापनेसाठी जी अनुदाने दिली जातात त्यांची छाननी करणारे एक सल्लागार मंडळ राज्यात असावे, अशी मागणी पक्षाने करावी की करू नये, हा आजच्या सत्राचा विषय आहे. आपल्यापैकी काहींना ही मागणी अगदी निरुपद्रवी वाटते. काहींना ती नोकरशाहीच्या घरात स्वतःहून जाऊन बसण्यासारखी वाटते. माझे उत्तर 'करावी' असे आहे. मात्र कोणत्या अटींवर करावी हे सांगू लागलो की तुमच्यातील काहींना ते उत्तर जवळजवळ नकारासारखे वाटेल, याची मला कल्पना आहे.

प्रथम 'अनुदान' हा शब्द तपासून पाहू. अनुदान म्हटले की देणारा उदार आणि घेणारा उपकृत असे चित्र उभे राहते. येथे तसे काही नाही. खाण, धरण, रस्ता किंवा कारखाना यांसाठी 1980 च्या वनसंवर्धन कायद्याखाली वनजमीन वळती केली जाते, तेव्हा प्रकल्पाकडून दोन प्रकारची रक्कम वसूल होते. एक, पर्यायी वनीकरणाचा खर्च; आणि दुसरी, नष्ट होणाऱ्या वनाचे निव्वळ वर्तमान मूल्य. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली हा मार्ग आखून दिला. 2008 साली या मूल्याचे दर हेक्टरी 4 लाख 38 हजारांपासून 10 लाख 43 हजार रुपयांपर्यंत ठरले. 2022 साली ते वाढवून कमाल सुमारे 16 लाखांपर्यंत नेण्यात आले. ही रक्कम वर्षानुवर्षे दिल्लीत साचत राहिली. 2016 साली पर्यायी वनीकरण निधीचा कायदा झाला, 2018 साली त्याचे नियम आले, आणि ऑगस्ट 2019 मध्ये केंद्राने 47,436 कोटी रुपये राज्यांच्या हवाली केले. त्यांतील सुमारे 3,844 कोटी महाराष्ट्राच्या वाट्याला आले.

या आकड्यांमागे काय आहे ते समजून घेतले पाहिजे. ही गेलेल्या जंगलाची किंमत आहे. ज्या गावाचा मोह गेला, तेंदू गेला, गुरांचा चारा आणि पाण्याचा झरा गेला, त्या गावाच्या नुकसानीचे हे मोल आहे. आणि ते मोल जमा झाले ते त्या गावाच्या नव्हे, वनखात्याच्या खात्यावर. ते कोठे खर्चावे याचा निर्णयही तेथेच होतो. राज्य प्राधिकरणाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष मुख्यमंत्री, सुकाणू समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव, कार्यकारी समितीचे अध्यक्ष प्रधान मुख्य वनसंरक्षक. आदिवासी प्रश्नांचा एखादा जाणकार किंवा आदिवासी समाजाचा एखादा प्रतिनिधी घेण्याची सोय कायद्याने ठेवली आहे. अधिकाऱ्यांच्या त्या गर्दीत या एका आवाजाचे काय होते हे ज्यांनी जिल्हा नियोजन समितीच्या बैठका पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको. योजना आखणारे, खड्डे खोदणारे, बिले काढणारे आणि किती रोपे जगली हे मोजणारे खाते एकच आहे.

2016 साली राज्यसभेत या विधेयकावर चर्चा झाली तेव्हा ग्रामसभेची संमती बंधनकारक करावी अशी दुरुस्ती विरोधी बाकांवरून मांडली गेली होती. ग्रामसभेची काळजी नियमांत घेतली जाईल असे आश्वासन मंत्र्यांनी दिले आणि विधेयक मंजूर झाले. दोन वर्षांनी नियम आले. त्यांत संमतीऐवजी विचारविनिमय आला, आणि तोही 'ग्रामसभा किंवा ग्राम वनव्यवस्थापन समिती' यांच्याशी. या 'किंवा'ने सारा घात केला. संयुक्त वनव्यवस्थापनाच्या समित्यांचा सचिव वनखात्याचाच कर्मचारी असतो. खात्याने खात्याशी विचारविनिमय केला की नियमाची पूर्तता होते!

आता खर्चाचे काय झाले ते पाहू. महालेखापरीक्षकांनी 2013 साली पर्यायी वनीकरणावर संसदेला जो अहवाल दिला तो प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा असा आहे. 2006 ते 2012 या काळात वनजमिनीच्या बदल्यात 1 लाख 3 हजार हेक्टरांहून अधिक बिगरवनजमीन मिळायला हवी होती. मिळाली 28 हजार हेक्टर. आणि त्या मिळालेल्या जमिनीवर प्रत्यक्ष वनीकरण झाले ते 7,280 हेक्टरांवर, म्हणजे जितकी मिळायला हवी होती तिच्या सात टक्क्यांवर. नवा कायदा आल्यावर सर्व सुरळीत होईल अशी ज्यांची समजूत होती, त्यांनी उत्तराखंडविषयीचा 2025 साली विधानसभेसमोर आलेला लेखापरीक्षण अहवाल पाहावा. तेथे वनीकरणाच्या पैशातून आयफोन, लॅपटॉप, फ्रिज आणि कूलर खरेदी झाले होते, इमारतींची डागडुजी झाली होती, आणि लावलेल्या रोपांपैकी जगलेली रोपे एक-तृतीयांशाच्या आसपास होती.

महाराष्ट्रात आपण याहून सभ्य आहोत असे म्हणण्याचा मोह होईल. 2016 ते 2019 या काळात आपल्या राज्यात दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी आणि तेहतीस कोटी अशा चढत्या क्रमाने वृक्षलागवडीच्या मोहिमा झाल्या. हा त्या निधीपेक्षा वेगळा विषय आहे हे मी जाणतो, पण मोजणीची रीत तीच आहे. 2021 साली विधानसभेत सांगण्यात आले की वनखात्याने लावलेल्या सुमारे 28 कोटी रोपांपैकी तीन-चतुर्थांश रोपे ऑक्टोबर 2020 मध्ये जिवंत होती. चौकशीची मागणी झाली, आमदारांची समिती नेमण्याची घोषणा झाली. मला त्या आकड्याविषयी येथे वाद घालायचा नाही. एवढेच लक्षात आणून द्यायचे आहे की तो आकडा लावणाऱ्यानेच मोजलेला होता आणि तो ऑक्टोबरचा होता. विदर्भातले किंवा माणदेशातले रोप जगले की नाही हे ऑक्टोबरात कळत नाही. ते मेच्या अखेरीस कळते, आणि खरे तर तिसऱ्या उन्हाळ्यानंतर कळते. पहिली दोन वर्षे पाणी घालायला, गवत काढायला मजूर असतो; त्याचे पैसे संपले म्हणजे रोप स्वतःच्या मुळांवर उभे राहते की मरते याची परीक्षा सुरू होते. ज्या कोणत्या मंडळाला या कामाचा हिशेब घ्यायचा असेल त्याने तिसऱ्या उन्हाळ्यानंतर शिवारात गेले पाहिजे, आणि कामाचा शेवटचा हप्ता त्या भेटीशी जोडला पाहिजे.

म्हणजे बाहेरच्या डोळ्यांची गरज आहे, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो 'सल्लागार' या शब्दाचा. आपल्या देशात सल्लागार समित्यांचा इतिहास काय आहे?

वनजमीन वळती करण्याबाबत केंद्राला सल्ला देणारी वन सल्लागार समिती 1980 च्या कायद्यानेच निर्माण केली. छत्तीसगडमधील हसदेव अरण्यातील परसा पूर्व आणि केते बासन या कोळसा क्षेत्रांचा प्रस्ताव तिच्यापुढे आला तेव्हा, जून 2011 मध्ये, तिने तो नाकारावा असा सल्ला दिला. दुसऱ्याच दिवशी मंत्री जयराम रमेश यांनी तो सल्ला बाजूस सारून मंजुरी दिली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2014 साली ती मंजुरी रद्द ठरवली, पण सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे खाण चालूच राहिली. येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. हेच मंत्री त्याआधी दोन महिने, एप्रिल 2011 मध्ये, गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) येथे आले होते आणि बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार त्यांनी त्या गावच्या ग्रामसभेच्या हाती सोपवला होता. 2016 साली राज्यसभेत ग्रामसभेच्या संमतीचा आग्रह धरणारेही तेच. व्यक्तीच्या सद्भावनेविषयी मला शंका घ्यायची नाही. गावाच्या हाती कायद्याने दिलेला अधिकार होता तेथे मंत्र्याला तो मान्य करावा लागला. समितीच्या हाती नुसता सल्ला होता तेथे तो एका रात्रीत बाजूला पडला. आपल्याला यातून जे शिकायचे ते शिकता येते.

दुसरे उदाहरण केंद्रीय अधिकारप्राप्त समितीचे. सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली ती नेमली. ती न्यायालयाला उत्तरदायी होती आणि तिच्यात शासनाबाहेरचे लोकही होते. सप्टेंबर 2023 मध्ये पर्यावरण मंत्रालयाने तिला स्थायी स्वरूप दिले आणि नेमणुकीचा अधिकार मंत्रालयाकडे आला. कायम होणे ही बढती वाटते. पण ज्याच्या कामावर लक्ष ठेवायचे त्यानेच नेमलेला पहारेकरी किती जागा राहील? आपल्या मागणीत ही पळवाट आधीच बुजवली पाहिजे.

तथापि सत्तेच्या प्रश्नाइतकाच ज्ञानाचा प्रश्न मोठा आहे, आणि त्याकडे आपल्या चळवळीत पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. वनपुनर्स्थापना म्हणजे काय, हे कोण ठरवणार? सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांतील डोंगरउतारांवर फिरताना जागोजागी उंदीरमारी लावलेली दिसते. ती चटकन वाढते, गुरे सहसा तिला तोंड लावत नाहीत, दुष्काळात तग धरते. म्हणून टक्केवारी उत्तम येते. कागदावर तो डोंगर हिरवा होतो. पण ज्या डोंगरावर पूर्वी पवन्या आणि कुसळीचे गवत होते, मेंढरे चरत होती, तेथे धनगराला काय मिळाले? गवताळ माळरान हे ओसाड रान नाही, तो एक पूर्ण निसर्गसंसार आहे. माळढोक तेथेच राहत होता. आपल्या सरकारी भाषेत मात्र ज्यावर झाड नाही ती पडीक जमीन. इंग्रजांनी ती भाषा रुजवली आणि आपण ती जशीच्या तशी पुढे चालवली. 2024 साली हरित पत योजनेची पद्धत जाहीर झाली तेव्हा तिच्यातही हेक्टरी किमान 1,100 झाडांची अट होती, आणि ती पद्धत पुढे बदलावी लागली. हेक्टरी झाडे मोजून ज्याला जंगल कळते त्याला माळ कधीच कळणार नाही.

हा जुना रोग आहे. 1974 साली महाराष्ट्रात वनविकास महामंडळ स्थापन झाले आणि ऐन, धावडा, मोह, तेंदू, बिजा यांचे मिश्र वन तोडून सागाची रोपवने उभी करणे हाच विकास मानला गेला. सागाच्या रोपवनात ना मोह वेचता येतो, ना चारोळी. बस्तरमध्ये सालवनाच्या जागी पाइन लावण्याची योजना त्याच दशकात आली होती आणि लोकांच्या विरोधामुळे ती सोडून द्यावी लागली. कर्नाटकातील हकिकत तर आपल्याला जवळची आहे. 1984 साली तेथील सरकारने गावांची सुमारे 30 हजार हेक्टर सामायिक जमीन कागदाच्या लगद्यासाठी निलगिरी लावायला एका संयुक्त क्षेत्रातील कंपनीच्या स्वाधीन केली. 14 नोव्हेंबर 1987 रोजी तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील कुसनूर येथे गावकऱ्यांनी सत्याग्रह केला. त्यांनी निलगिरीची शंभर रोपे उपटली आणि त्या जागी गावाला उपयोगी पडतील अशी रोपे लावली. 'कित्तिको-हच्चिको', म्हणजे उपटा आणि लावा, असे त्या सत्याग्रहाचे नाव. न्यायालयातही लढाई झाली आणि 1991 साली ती कंपनी गुंडाळली गेली. निलगिरी लावणाऱ्यांकडे वनशास्त्राच्या पदव्या होत्या, कागदोपत्री सारे काही नियमात होते. ती जमीन कशासाठी आहे हे फक्त उपटणाऱ्यांना ठाऊक होते.

म्हणून मंडळात तज्ज्ञ हवेत, पण कोणते? वनस्पतिशास्त्रज्ञ हवेत, गवताचा अभ्यास असणारे हवेत, हिशेब तपासणारे हवेत. त्यांच्याबरोबर, आणि त्यांच्याहून अधिक संख्येने, ज्यांच्या नावे सामूहिक वनहक्क मान्य झाले आहेत त्या ग्रामसभांनी निवडून पाठवलेले सभासद हवेत. त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, कारण सरपण, मोहफूल, कंदमुळे यांचा खरा हिशेब त्यांच्याकडे असतो. भटक्या पशुपालकांचा प्रतिनिधी हवा. वनखात्याच्या सेवेतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांना पाच वर्षांपर्यंत त्यात जागा नसावी. याने काही चांगले लोक वगळले जातील, पण तेवढी किंमत मोजावी असे माझे मत आहे. आणि एक गोष्ट अगदी क्षुल्लक वाटेल: सभासदाला प्रवासखर्चाबरोबर बुडालेल्या रोजाची भरपाई मिळाली पाहिजे आणि बैठका आलटून पालटून जिल्ह्यांत झाल्या पाहिजेत. भामरागडहून नागपूरला एका बैठकीसाठी यायचे तर तीन दिवस मोडतात. तेंदूच्या हंगामात हे तीन दिवस कोण देईल? असे केले नाही तर नावाला ग्रामसभांचे बहुमत आणि प्रत्यक्षात रिकाम्या खुर्च्या, असे होईल, आणि मग तेच रिकामेपण आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले जाईल.

अधिकारांबाबत मी एवढेच मागेन की मंडळाचा सल्ला शासनाला नाकारायचा असेल तर त्याची कारणे ठरावीक मुदतीत लेखी द्यावीत, ती मराठीत प्रसिद्ध व्हावीत, आणि तोवर त्या कामाचा पुढचा हप्ता अडून राहावा. पैसा अडवण्याचा अधिकार नसलेल्या मंडळाला चहापानापलीकडे काम उरत नाही.

आता आपल्यातल्याच आक्षेपांकडे वळतो. काही तरुण साथी म्हणतात, आपण मंडळ मागायचेच कशाला? जंगल ग्रामसभेचे, पैसा ग्रामसभेचा. तो थेट ग्रामसभेच्या खात्यावर जमा करा. या म्हणण्यातील तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाला दिलेला आहे. 2009 साली मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर तो मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावाने 2012 साली हजारभर हेक्टरांवर तो मिळवला आणि बांबूच्या उत्पन्नावर गावात रोजगार उभा केला. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर या लहानशा गावाने उजाड टेकडीवर रान उभे केले आणि तेथली सीताफळे मुंबईच्या बाजारात पोहोचवली. येथे कोणत्याही सल्लागार मंडळाने त्यांना शिकवायला जाऊ नये. म्हणून आपल्या मागणीत हे अगदी स्पष्टपणे लिहिले पाहिजे की मंडळाने छाननी करायची ती खात्याच्या कामाची. ग्रामसभेच्या आराखड्यावर मंजुरीचा आणखी एक शिक्का म्हणून ते बसणार नाही. हा भेद ठेवला नाही तर उद्या ग्रामसभेला खात्याची मंजुरी आणि वर मंडळाची मंजुरी अशी दुहेरी पायपीट करावी लागेल, आणि ती आपणच मागून घेतलेली असेल.

पण ज्या हजारो गावांचे दावे अजून प्रलंबित आहेत किंवा अर्धवट मान्य झाले आहेत, तेथे काय? तेथे आज या क्षणी त्याच पैशातून तारेचे कुंपण पडत आहे, कसणाऱ्याच्या शेतात चर खोदले जात आहेत. झारखंड, ओडिशा, छत्तीसगडमधून अशा तक्रारी सातत्याने आल्या आहेत. आपल्या राज्यातही जेथे दावा आणि रोपवन एकाच गटात पडते तेथे तंटा ठरलेला आहे. थेट हस्तांतरणाची वाट पाहत बसलो तर ती रोपवने उभी राहून जातील. 2022 च्या वनसंवर्धन नियमांनी तर केंद्राच्या मंजुरीआधी ग्रामसभेची संमती पाहण्याची जबाबदारीही राज्यांवर ढकलली आहे. अशा वेळी 'प्रलंबित दाव्याच्या जमिनीवर ग्रामसभेच्या ठरावाशिवाय एकही रोपवन घेऊ नये' असे खात्याला लेखी विचारू शकणारी एखादी जागा हाती असणे उपयोगाचे आहे. आत जाण्याने हात बांधले जातात हे खरे. पण रोजगार हमीच्या कामावर मस्टर मागायला आपण शिकलो तेव्हाही असेच म्हटले गेले होते, आणि त्या मस्टरनेच अनेक मुकादम उघडे पडले.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ग्रामसभा म्हणजे काही देवमाणसांचा मेळावा नाही. जेथे बांबू आणि तेंदूचा पैसा आला तेथे ठेकेदारही आले, आणि काही गावांत चार माणसांनी सारा व्यवहार हाती घेतला हे आपल्याला ठाऊक आहे. हे लपवण्यात अर्थ नाही. पण याचे उत्तर ग्रामसभेवर साहेब बसवणे हे होऊ शकत नाही. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली तेव्हा गाव हा एक स्वतंत्र खांब मानला. तो वाकडा असेल तर गावातल्या लोकांनीच हिशेब मागून तो सरळ करायचा. हिशेबाचे जाहीर वाचन, दरवर्षी समितीची बदल, आणि स्त्रियांची वेगळी बैठक, हे आपल्या कार्यकर्त्यांनी गावात राहून घडवायचे काम आहे. मंडळाकडून त्याची अपेक्षा करू नये.

आता कामाचे बोलतो. मागणीचा मसुदा तयार होण्याआधी आपल्या हाती पुरावा हवा. प्रत्येक तालुक्यातील साथींनी आपल्या वनपरिक्षेत्रात गेल्या पाच वर्षांत या निधीतून झालेल्या रोपवनांची यादी माहितीच्या अधिकारात मागवावी. गट क्रमांक, क्षेत्र, रोपांच्या जाती, लागवडीचे वर्ष, झालेला खर्च आणि जिवंत रोपांची नोंद, एवढे मागावे. यादी हाती आली की गावकऱ्यांना, विशेषतः गुराख्यांना, बरोबर घेऊन त्या जागा पाहाव्यात; ओळी मोजाव्यात, मेलेले रोपही मोजावे, आणि तेथे पूर्वी काय होते हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घ्यावे. जो गट एखाद्या प्रलंबित दाव्यात येत असेल त्याची वेगळी नोंद करावी. पुढील आर्थिक वर्षाचा वार्षिक आराखडा एप्रिलपूर्वी ठरतो. तेव्हा ही मोजणी 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचली जावी, तिच्यावर ठराव व्हावा, आणि ठरावाची एक प्रत उपवनसंरक्षकांकडे, एक जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि एक आपल्या पक्ष कार्यालयाकडे पोहोचावी. अर्जाचा नमुना शिबिराच्या टेबलावर ठेवला आहे. जाताना प्रत्येकाने दोन प्रती घेऊन जाव्यात.